मथुराचं पहिलं बाळंतपण

बदलापूर, १९५४. एसटीची वाट पाहताना म्हातारी सुईण गोदूबाई आणि नुकतीच पास झालेली नर्स मथुरा बोलत होत्या.

"मावशी, आज पहिल्यांदा एकटीनं बाळंतपण केलं. ठाकरवाडीतल्या पुतळीचं. पाचवी खेप तिची."

"मग तिनंच केलं म्हण की!"

"खरंच हो. माझी धांदल बघून म्हणाली, बाई, आधी बसा, पाणी प्या."

"प्यायलीस?"

"दोन तांबे. मग बाळ आलं, पण रडेचना."

"अगं बाई! मग गं?"

"तुम्ही शिकवलेलं आठवलं. तोंड पुसलं, पाठ चोळली. आणि रडलं!"

"आणि तू?"

"त्याच्याहून मोठ्यानं."

"पुतळीनं आधी कुणाला उगी केलं?"

"मला."