आठ बाजूंचा फासा

हॅलो? … कोण… अरे टिल्ल्या, पुन्हा? आजचा चौथा फोन हा. दुकानात आहे मी. समोर गिऱ्हाईक बसलंय डोळे तपासायला…

हो. हो… अरे ऐक ना. पाच वाजता अर्ज बंद होतो, माहीत आहे मला. सकाळपासून तूच सांगतोयस.

मग भर ना!

… भरलाय? सगळा? मग पाठव. बटण दाब आणि मोकळा हो… का नाही?

तयारी.

तयारी झालीय की नाही, ते बघायचंय. आत्ता. चार वाजून वीस मिनिटांनी.

(काका, दोनच मिनिटं हं. भाऊ आहे माझा. ती तपासणीची फ्रेम नाकावर असू द्या, काढू नका. जड आहे, माहीत आहे.)

टिल्ल्या, दोन वर्षं तू तयारीच बघतोयस. पहिल्या वर्षी प्रोबॅबिलिटी कच्ची होती म्हणून अर्ज नाही. गेल्या वर्षी ती पक्की झाली, तर प्रोग्रॅमिंग कच्चं. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, असा तुझा कारभार. आणि तुझे कॉलेजचे सर तिसऱ्यांदा शिफारसपत्र देऊन बसलेत. या वर्षी निवृत्त होताहेत, पुढच्या वर्षी कोणाकडे जाणार आहेस? … काय म्हणाले? … 'हे शेवटचं'? बघ! सरळ माणूस आहे म्हणून एवढंच म्हणाले.

… बरं. बरं, विचारते प्रश्न. तुझा तो कागद कुठे… हा, सापडला. चष्म्यांच्या डब्याखाली होता. चाळीस प्रश्न. मला एकही कळत नाही, पण उत्तरं शेजारी लिहिलीयत ना? मग झालं. नुसतं वाचायचंय.

(काय म्हणालात काका? … शिकायला जाणार आहे तो. क्वांटिटेटिव्ह फायनान्स. म्हणजे बाजारातली जोखीम गणितानं मोजायची… हो, नोकऱ्या असतात म्हणे. आधी स्वतःचीच मोजतोय, दोन वर्षं झाली.)

तुला नाही रे, गिऱ्हाइकाला सांगत होते. चल. पहिला. नाणं उडवत राहायचं, लागोपाठ दोनदा छापा येईपर्यंत, तर सरासरी किती…

सहा. हो, सहाच लिहिलंय. अरे, पण प्रश्न तरी पुरा होऊ दे!

दुसरा. एका खोलीत किती माणसं असली म्हणजे त्यांतल्या दोघांचा वाढदिवस… तेवीस. बरोबर.

तिसरा. एक फासा टाकायचा, जितके ठिपके तितके गुण. पटलं नाही तर एकदाच पुन्हा टाकता येईल, पण मग दुसऱ्यांदा येईल तेच… सव्वाचार. हो. सव्वाचार.

… नाही, बरोबर आहे. खूश नाही म्हणजे काय? मी कशाला खूश नसेन? आवाज असाच आहे माझा.

किती? चाळीसपैकी अडतीस येतात? छान. मग स्वतःला गुण किती दिलेस, अर्जाच्या त्या शेवटच्या पानावर? … पाचपैकी पाच. सगळ्या विषयांत? … आणि खालचा चौकोन, 'तुम्हाला काय अवघड जातं' तो? … 'काही विशेष नाही'. वा!

एक मिनिट थांब. फोन ठेवू नकोस.

(काका, डावा डोळा झाका. तळहातानं, बोटांनी नाही, फटीतून दिसतं. आता शेवटची ओळ… काका. काका, अजून मी तक्त्यामागचा दिवा लावला नाहीये! … हसू नका. बाहेर बाकावर बसून पाठ केलीत ना? ड्रायव्हिंगच्या लायसन्सची तपासणी आहे, कविता म्हणून दाखवायची नाहीये. थांबा, दुसरा तक्ता लावते.)

…

टिल्ल्या.

आहेस? … ऐक. अजून एक विचारते. एक फासा टाकायचा. जितके ठिपके तितके गुण. पटलं नाही तर एकदाच पुन्हा टाकता येईल. फाशाला बाजू आठ आहेत. सरासरी किती गुण…

सव्वाचार.

… सव्वाचार म्हणालास ना? … पुन्हा ऐक. आठ. आठ बाजू. … हो, मी बदलला. मुद्दाम. … चीटिंग? मी चीटिंग केली? अरे गधड्या, तिकडे मुलाखत घेणारा माणूस काय तुझा कागद बघून विचारणार आहे?

(काय काका? … हो ना!) काका म्हणताहेत, आठ बाजू झाल्या तर उत्तर वाढायला नको का. ऐकलंस? आयुष्यभर ट्रक चालवलाय त्यांनी. तक्ता पाठ करून आलेत. त्यांना कळलं.

…

टिल्ल्या?

… नाही. नाही हं. असं बोलायचं नाही. 'पुढच्या वर्षी बघू' हे तीन शब्द मी आज ऐकणार नाही. … कारण अडतीस यायला लागले तेव्हा तू हुशार, आणि एक चुकला की लगेच ढ? मधे काही असतंच नाही का तुझ्याकडे?

मी सांगते मधे काय असतं. माणूस येतो, शेवटची ओळ घडाघडा म्हणतो. मी तक्ता बदलते. मग त्याला चौथ्या ओळीपर्यंतच दिसतं. म्हणजे तो आंधळा झाला का? चौथ्या ओळीपर्यंत दिसतंय ना त्याला! तोच त्याचा नंबर. तिथूनच मी काच लावायला सुरुवात करते. पाठ केलेल्या ओळीला मी कुठली काच लावू?

… रडतोयस का? … नाही ना? मग नाक कशाला ओढतोयस? … धुळीची ॲलर्जी. आजच झाली.

कागद घे. कोरा. तुझ्याकडची छापील प्रत तिकडे ठेव… आईला म्हणावं, आत येऊ नको दहा मिनिटं. … दे तिला फोन. … आई, त्याला काही देऊ नकोस, काही विचारू नकोस, डोक्यावरून हात फिरवू नकोस. हो. जेवला नसला तरी. पाचनंतर जेवेल. … हो, मी खाल्लं. दे त्याला.

चल. आठ बाजू. बोल मोठ्यानं. … मला कळत नाही, म्हणूनच बोल. मला समजेल असं बोल.

हं. … एकदाच टाकला तर सरासरी किती? … एक ते आठ, मधोमध… साडेचार. बरं. मग?

…

मग?

… मला काय विचारतोस? उत्तर नाहीये माझ्याकडे. कागदावर सहा बाजूंचंच आहे. मी फोन धरून नुसती उभी आहे. मला वाटतं पेन्सिल ऐकू येतेय… ऐकू येतेय. चालू दे.

(काका, हे अक्षर? … नाही दिसत ना? शाबास. हे असं सांगायचं. आता ही काच. आता? … थोडं बरं. आणि ही? … अंदाजानं नको.)

काय? … हा, म्हणजे दुसऱ्यांदा टाकून सरासरी साडेचारच मिळणार. म्हणून पहिल्यांदा पाच किंवा जास्त आलं तर ठेवून द्यायचं. चार किंवा कमी आलं तर पुन्हा टाकायचा. … हो, हे मलासुद्धा पटलं. हातात बरं आलेलं कशाला सोडायचं?

पुढे. … निम्म्या वेळा पाच, सहा, सात, आठ. त्यांची सरासरी… साडेसहा. उरलेल्या निम्म्या वेळा पुन्हा टाकला म्हणजे… साडेचार. मग साडेसहा आणि साडेचार यांच्या मधोमध…

… थांब, मी म्हणत नाही. तू म्हण.

साडेपाच.

… बरोबर आहे का, ते मला कसं माहीत! तूच तपास. … सहाच्या फाशाला हीच रीत लावून बघ, सव्वाचार येतंय का. … येतंय? मग? … टिल्ल्या, दोन वर्षांत 'हां, म्हणून सव्वाचार!' हे आज पहिल्यांदा म्हणालास तू.

किती वाजले? … पाचला अठरा कमी आहेत. शेवटचं पान उघड. प्रोबॅबिलिटी पाचातून किती? … दोन? अरे, लगेच दोनवर कशाला घसरतोस? लोटांगण नको घालायला. चौथी ओळ दिसतेय ना? तीन. तीन लिही. बाकीच्या विषयांचंही खरं काय ते लिही, मी विचारणार नाही.

आता तो चौकोन. 'काही विशेष नाही' खोड. लिही… तुझ्या शब्दांत लिही, मी काय सांगू? … लिही की, चाळीस प्रश्न पाठ होते, बहिणीनं एक बदलला तर अडलो. मग बसून सोडवला, बारा मिनिटं लागली, आणि पाठ असलेलं उत्तर कुठून येतं ते त्यात कळलं. … हसतील? हसू देत. निदान वाचतील तरी. 'काही विशेष नाही' वाचून कोणी हसतसुद्धा नाही.

… घेतील की नाही, मला नाही माहीत. तुलाही नाही माहीत. अर्जच केला नाही तर तेही कळत नाही.

पाचला अकरा.

… आता काय? सरांचं पत्र जोडलंय? नाव नीट लिहिलंय? … तिसऱ्यांदा वाचू नकोस! दाब!

…

टिल्ल्या?

… नेट गेलं म्हणू नकोस मला. … मग बोल ना! … गोल फिरतंय. फिरू दे. हात लावू नकोस. पुन्हा दाबू नकोस, दोनदा जाईल. … हो, इथे आहे मी. कुठे जातेय?

(काका, पाठवतोय. … तुम्ही कशाला उभे राहिलात? बसा, फ्रेम पडेल!)

… 'मिळाला' असं आलंय? वाच. पूर्ण वाच. … गेला.

गेला, काका.

… अरे, बरं बरं. ओरडू नकोस, कानाला धरलाय फोन. आईला सांग. जेव आता. ठेवते मी, माझं गिऱ्हाईक अर्धा तास नाकावर लोखंड घेऊन बसलंय.

… आता काय अजून? … आणखी एक? तूच म्हणतोयस? … बदलून विचारू?

नाही. आता नाही. संध्याका… बरं. एकच. ऐक हं, पुरं ऐक. नाणं उडवत राहायचं. लागोपाठ तीन वेळा छापा येईपर्यंत. दोन नाही, तीन. सरासरी किती वेळा उडवावं लागेल?

…

काय? … 'माहीत नाही, थांब' म्हणालास?

थांबते.

… टिल्ल्या?

हॅलो? … हॅलो?

(फोन कापला त्यानं, काका. … नाही हो, रागावला कशाला असेल? गणित करतोय. चला, उजवा डोळा झाका. तळहातानं.)