नोकरी सोडून आलेला नायक

एवढ्या प्रेमाच्या कादंबऱ्या वाचून मला मिळतं काय, असं विचारता ना, मग ऐका. या महिन्यात तीन वाचल्या. पहिल्या दोन्हींतले नायक नुसतेच गोड बोलत होते. तिसरा मात्र प्रेयसीसाठी मुंबईची नोकरी सोडून गावी येतो. तो मला फार आवडला.

शेजारच्या सुमनवहिनींना मी दुपारी गोष्ट सांगते. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे दादा, मुंबईला असतात. शिमग्याला आणि गणपतीला येतात.

वहिनींनी विचारलं, "नोकरी सोडली, मग खातात काय गो?"

"ते पुस्तकात दिलेलं नाही."

"पण असे पुरुष खरंच असतात?"

"मला काय माहीत. दादांना विचारा."

त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला. "अहो, माझ्यासाठी नोकरी सोडून आला असतात काय?"

पलीकडून दादा हळूच म्हणाले, "डॉक्टर काय म्हणाले?"

"कसला डॉक्टर? सहज विचारलं," म्हणत वहिनींनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा रजा टाकून दारात उभे. पिशवीत सफरचंदं.

त्यांच्यासाठी चहाचं आधण ठेवून वहिनी कुंपणापाशी आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "चौथी कादंबरी कधी आणतेस?"