सोलापूरची गाडी

शाळामास्तर नारायणराव आणि त्यांची विधवा लेक वनमाला नळदुर्गच्या स्टँडवर, सोलापूरच्या गाडीची वाट बघणाऱ्या विठाबाईशेजारी येऊन बसले.

"हैदराबादचं कॉलेज शिस्तीचं आहे, वने. व्हरांड्यातसुद्धा आवाज नाही."

"म्हणूनच नको, आण्णा. सोलापूरचं कॉलेज बघायला गेलो, तेव्हा तिथले प्रोफेसरसुद्धा पोरींबरोबर हसत होते."

"शिकायला जायचंय का हसायला?"

"दोन्हीला."

"लोक काय म्हणतील?"

"तीन वर्षं घरात गप्प बसले, तेव्हा कुणी काय म्हटलं?"

हैदराबादची गाडी लागली. नारायणराव पायरीवर चढले.

"चल, ऊठ."

"नाही. नेलंत तर पहिल्याच थांब्याला उतरेन."

विठाबाईला राहवलं नाही. तिनं आपलं गाठोडं बाकावरून खाली ठेवलं.

"नीट टेकून बस, माय."

कंडक्टरनं घंटी मारली. नारायणराव खाली उतरले.

"सोलापूरची कधी येते हो, बाई?"