ठोकळ्याचं वजन

रोहिणी मॅडम : परत तेवढंच?

सुकन्या : परत तेवढंच, मॅडम. दोन कप्प्यांवरच्या दोऱ्यांच्या मधे ठोकळा टांगला, तर आकृतीवरून वजन दोनशे साठ ग्रॅम येतंय.

रोहिणी मॅडम : आणि नुसता काट्याला टांगला तर?

सुकन्या : दोनशे पाच. ठोकळा तोच आहे, मी बदलला नाही.

रोहिणी मॅडम : बदललास असं कोण म्हणतंय? ऐक, आकृतीतला तो कर्ण खोडून टाक. चार पूर्णांक एक सेंटीमीटरचा काढ, सेंटीमीटरला पन्नास ग्रॅम, म्हणजे बरोबर दोनशे पाच येतील. मी सही करते आणि प्रयोगशाळेला कुलूप लावते. सकाळपासून उभी आहे गं मी. आधी दहावीच्या पेपरवर, मग त्या मतदारयाद्या, आणि आता तू.

सुकन्या : अजून एकदा करू का?

रोहिणी मॅडम : किती वेळा करशील? उद्याच्या प्रात्यक्षिकाला कोणी एवढं बघत नाही. सकाळी नगरच्या क्लासवाल्या अकॅडमीची बस येईल, सगळे खाली उतरतील, जर्नल ठेवतील, सह्या करतील आणि जातील. अकरावी सायन्सच्या पटावर ऐंशी नावं आहेत. वर्षभरात या दारातून आत आलेली तू पहिली. आणि तू तरी आज इथे कशी? नगरला क्लास असतो ना?

सुकन्या : सुट्टी होती.

रोहिणी मॅडम : त्यांना सुट्टी असते? माझ्या भाच्याला राखी बांधायलासुद्धा सोडलं नव्हतं.

(सुकन्या ठोकळा काढून पुन्हा काट्याला टांगते.)

रोहिणी मॅडम : सुकन्या, मी चौकशी करत नाहीये. तेवढी ताकद नाही माझ्यात आता. नसेल सांगायचं तर नको सांगूस.

सुकन्या : मी दिवाळीपासून जातच नाही तिकडं.

रोहिणी मॅडम : दिवाळीपासून? आता मार्च आहे.

सुकन्या : हो.

रोहिणी मॅडम : मग रोज घरून निघून जातेस कुठे?

सुकन्या : नगरलाच. नेहमीच्या एस्टीनं. वाचनालय आहे एक, तिथं बसते. क्लास सुटायच्या टायमाला परत निघते.

रोहिणी मॅडम : आणि घरी?

सुकन्या : घरी माहीत नाही. आप्पांना वाटतं, चाललंय.

रोहिणी मॅडम : काय झालं होतं? कोणी काही बोललं, त्रास दिला?

सुकन्या : तसं काही नाही. दर रविवारी टेस्ट असायची, मार्कांवर बॅच बदलायची. मी खाली खाली गेले. शेवटच्या बॅचला सर येतच नाहीत, पडद्यावर व्हिडिओ लावून देतात. नंतर नंतर पेपर हातात आला की अक्षरं हलायला लागायची. एकदा तर माझं नाव लिहायचं राहिलं. पेपर कोरा, नावही कोरं.

रोहिणी मॅडम : आणि आज इथे का आलीस?

सुकन्या : क्लासमध्ये नुसते उत्तरपत्रिकेवरचे गोल काळे केले, मॅडम. कशाला हातच लावला नाही. वाटलं, एक तरी गोष्ट आपल्या हातानं बरोबर करून बघावी. तर हेही चुकतंय.

रोहिणी मॅडम : दाखव तो कागद. कर्ण सरळ उभा येतोय का?

सुकन्या : नाही, डावीकडं झुकतोय.

रोहिणी मॅडम : प्रत्येक वेळी डावीकडेच?

सुकन्या : हो. मला वाटलं, माझीच खूण चुकते.

रोहिणी मॅडम : ठोकळा खाली ओढतोय, तर दोन्ही दोऱ्यांनी मिळून त्याला बरोबर सरळ वर ओढायला हवं. मधली गाठ जरा खाली ओढ आणि सोड. बघ, ती तिथेच राहिली. आपली आपण परत यायला पाहिजे. ती डावी कप्पी फिरव बोटानं.

सुकन्या : फिरत नाही. अडकलीये. मॅडम, आत माती आहे!

रोहिणी मॅडम : माती? बघू. कुंभारमाशीनं घर केलंय. वर्षभर कोणी हात लावला नाही, तिला काय, निवांत जागा मिळाली. पिन आहे का तुझ्याकडे?

सुकन्या : ओढणीची आहे. निघतेय... निघाली बघा. किती कडक झालीये.

रोहिणी मॅडम : हळू, आस वाकवशील. त्या कपाटात शिलाई मशीनच्या तेलाची बाटली असेल. दोनच थेंब. आता दोन्हीकडे दीडदीडशेची वजनं लाव. गाठीला धरू नकोस, तिची तिला थांबू दे.

सुकन्या : हलतेय अजून. थांबली.

रोहिणी मॅडम : मागे आरसा धरून दोऱ्यांच्या खुणा कर. आता समांतरभुज चौकोन काढ. घाई नको.

सुकन्या : चार पूर्णांक दोन. म्हणजे दोनशे दहा. आणि सरळ आलाय, मॅडम! पाच ग्रॅम तेवढे जास्त.

रोहिणी मॅडम : एवढा फरक चालतो. तसंच लिही, दोनशे दहा. खाडाखोड करू नकोस.

(सुकन्याचा फोन वाजतो. तिचे वडील बजरंग यांचा आहे.)

सुकन्या : आप्पा आहेत. क्लास सुटला की रोज करतात.

रोहिणी मॅडम : मग काय सांगतेस रोज?

सुकन्या : आत्ताच सुटला म्हणून.

रोहिणी मॅडम : मी बाहेर जाऊ का?

सुकन्या : नका जाऊ. ... हॅलो, आप्पा.

बजरंग : सुटला का गं क्लास? मी घोडेगावच्या बाजारात हाय. टेम्पोत दोन म्हशी घातल्यात. येताना तुला फाट्यावरून घिऊ का?

सुकन्या : आप्पा, मी नगरला नाही. कॉलेजात आहे.

बजरंग : कालेजात? का बरं? बरं न्हाई का वाटत?

सुकन्या : आप्पा, मी क्लास सोडलाय. दिवाळीतच.

बजरंग : काय म्हनलीस? लई कालवा हाय हितं, आयकू येईना.

सुकन्या : क्लास सोडलाय मी! दिवाळीपासून नाही गेले.

बजरंग : आगं रोज तर जातीस की. सकाळी मीच एस्टीत बसवतो तुला.

सुकन्या : जाते, पण क्लासला नाही. वाचनालयात बसते.

बजरंग : येडं केलंस की गं मला. आत्ता हितं चहा पिता पिता सांगत हुतो, पोरगी डाक्टर व्हनार म्हनून. त्या मानसाला काय तोंड दाखवू मी?

सुकन्या : चुकलं, आप्पा.

बजरंग : आन डबा? डबा कुठं खायचीस?

सुकन्या : तिथंच. पायऱ्यांवर.

बजरंग : संगं कोन असायचं?

सुकन्या : कोणी नाही. आप्पा? आहात ना?

बजरंग : हाय. कुनी मास्तर हायत का तिथं? फोन दे त्यांच्याकडं.

रोहिणी मॅडम : नमस्कार, मी रोहिणी. फिजिक्स शिकवते.

बजरंग : रामराम मॅडम. पोरगी सांगती ते खरं हाय?

रोहिणी मॅडम : खरं आहे. मलाही आत्ताच कळलं.

बजरंग : मग आता पुढं कसं?

रोहिणी मॅडम : उद्या इथली प्रात्यक्षिक परीक्षा आहे. ती नीट देईल. पुढच्या आठवड्यापासून ती इथे आली, तर मी शिकवीन. रोज जमेलच असं नाही, पण शिकवीन.

बजरंग : आन डाक्टरकीचं?

रोहिणी मॅडम : ते मला आज नाही सांगता येणार.

बजरंग : व्हय. बरूबर हाय. म्हशी मालकाकडं उतरवतो आन येतो. तासभर लागंल.

रोहिणी मॅडम : तिला रागावणार आहात का?

बजरंग : रागावनार तर हायच. खोटं कशाला बोलू? पर मॅडम...

रोहिणी मॅडम : बोला.

बजरंग : मी येस्तोवर तिला एकटीला सोडू नका.

रोहिणी मॅडम : नाही सोडत.

सुकन्या : काय म्हणले?

रोहिणी मॅडम : येतायत न्यायला. तासाभरात.

सुकन्या : लई चिडलेत?

रोहिणी मॅडम : चिडलेत.

सुकन्या : तुम्ही जावा घरी, मॅडम. मी फाटकापाशी थांबते. मला सवय आहे.

रोहिणी मॅडम : नको. बस इथेच. आणि तेवढा दिवा लाव, अंधारायला लागलंय.