अजून बाहेर वाक

हाडांच्या डॉक्टरकडे नंबर येईस्तोवर माझे गुडघे बसून असतात, कान तेवढे कामाला लागतात. शेजारी उन्हानं रापलेल्या दोघी बहिणी होत्या. शिडाच्या होडीची जागतिक शर्यत हरून कालच परतलेल्या.

"ताई, पुढच्या वर्षी पदक आपलंच."

"पुढच्या वर्षी जोडीला दुसरी बघ. होडी उलटू नये म्हणून डोलकाठीच्या तारेला बाहेर लोंबकळून माझी कंबर गेली."

"डॉक्टर औषध देतील की."

"नवी कंबर देतील का? तू आपली मागं बसून सुकाणू धरतेस. तुला काय, नुसती माझी पाठ दिसते."

"पाठीवरूनच कळायचं. दुखलं की तू डावा खांदा उचलतेस."

"कधीपासून कळतंय?"

"झाली असतील दोन वर्षं."

"आणि तरी ओरडायचीस, 'अजून बाहेर वाक'?"

"तू वाकायचीस ना, ताई."

आतून नर्सनं हाक मारली, तशी धाकटीनं हात पुढं केला.

"चल, हळू ऊठ. माझ्यावर भार टाक."

"राहू दे. इथं जमीन आहे. माझी मी जाते."