विमा नसलेली फेरी

नौपाड्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी नंबरची वाट बघत होतो. मागच्या बाकावर एक बहीणभाऊ बसलेले.

"मुकुल, आज तुझी ड्यूटी होती ना? हेलिकॉप्टर कोण उडवतंय?"

"मी नाही म्हटलं, ताई. प्रवाशांचा विमा संपलाय. मालक म्हणतो, एवढीशी तर फेरी, लोकांना डोंगर दाखवायचे नि उतरायचं."

"विम्याने काय पडायचं थांबतं?"

"नाही. पण पडलं तर आतल्यांच्या घरच्यांकडे कोण बघणार? कोणाच्या घरावर पडलं तर? विम्याशिवाय माणसं न्यायची परवानगीच नाही. आणि ज्याने विमा भरला नाही, त्याने मशीन तरी तपासलंय कशावरून?"

"मग आज फेऱ्या बंद असतील."

"चालू आहेत. संदेशला पाठवलंय. नवीन पायलट आहे."

"त्याला माहितीये हे?"

"नाही."

"तू सांगितलं नाहीस?"

"मालकाने दम दिलाय, ताई. कुठे बोललास तर परत कुठेच उडता येणार नाही, म्हणाला."

"आत्ता लाव त्याला फोन."

"लावतोय. बंद येतोय. म्हणजे तो वर आहे."

"कोणाला घेऊन?"

"रविवार आहे. मुलंबाळंच असतील."

"मैदानावर कोणी असेल ना? त्यांना लाव."

"हॅलो, दगडूकाका? मुकुल बोलतोय. संदेश उतरला की सांगा, विमा संपलाय, पुढची फेरी घेऊ नको. रांगेतल्या लोकांनाही सांगा. हो, सगळ्यांना. मालकाने विचारलं तर माझं नाव सांगा."

"काय म्हणाले? उतरला का?"

"आवाज येतोय म्हणाले. अजून दिसत नाहीये."