गोदाच्या गळ्यातली माळ

गुरुवार, सकाळी सव्वाअकरा. मानकोली नाक्याजवळ प्राण्यांचा दवाखाना, बाहेरचं लोखंडी बाकडं.

— नाही हो ताई, चावत नाही, आणि चावायला ती आहे कुठे इथे, आत टेबलावर आहे. बसा तुम्ही, टोपली ठेवा मध्ये. मांजराला काय झालंय, जंत? मग नशीबवान आहात. आमचं दुखणं मोठं — म्हणजे गोदाचं. गोदामात सापडली म्हणून गोदा. नऊ वर्षांपूर्वी इथेच पलीकडे कापडाचं गोदाम जळलं, मी बातमीला गेलो होतो. मालक सांगेना किती माल गेला, बंबवाले सांगेनात आग कशी लागली, आणि ही एवढीशी, काजळी माखलेली, येऊन माझ्या बुटावर बसली. त्या दिवशी माझ्याशी सरळ वागलेली तेवढी एकच. हो, पत्रकार. होतो म्हणा. एकतीस वर्षं. केसरीनाथ भोईर, खारबावचा — नाव ऐकलंय? नाही? बरं, राहू दे. ऐकलेलं कोणी भेटतच नाही हल्ली.

काय लिहितोय म्हणता? तक्रार. डॉक्टरांविरुद्ध. हे ऐका — ‘आजारी प्राण्याच्या मालकास पूर्वकल्पना न देता’ — चांगलं वाक्य आहे ना? खोटं आहे. पण चांगलं आहे. म्हणजे — खोटं कसं, तर पूर्वकल्पना दिली होती. महिन्यापूर्वी गोदा अचानक बसली. हिरड्या पांढऱ्याफटक, लघवी कोऱ्या चहासारखी. डॉक्टर रूपा मॅडम म्हणाल्या, हिचं शरीर हिच्याच रक्तातल्या लाल पेशींना शत्रू समजून मारतंय. म्हटलं, मॅडम, हे मला नवीन नाही, आमच्या पेपरात हेच चालायचं. हसल्या नाहीत. स्टेरॉइड सुरू केलं. आणि उठली हो, आठवड्यात उठली! शेपूट हलायला लागली, भूक तर अशी की कमळा — आमची बायको — भाकरी थापतेय तोवर ही परातीशी हजर. पाणी प्यायची पातेलंभर आणि अंगणात नेईपर्यंत धीर नाही. पण तीन आठवड्यांनी रक्त तपासलं तर लिव्हरचा आकडा — असावा दीडशेच्या आत — होता नऊशे! मी इथेच टेबलावर हात आपटला. औषध आहे की विष? जबाबदार कोण? मला काय, तेवढंच येतं, जबाबदार कोण विचारणं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, काका, स्टेरॉइडवर कुत्र्यांचा हा आकडा चढतोच, आपण ते धरूनच चाललोय. लिव्हरला आधार म्हणून एक गोळी देऊ, ती उपाशीपोटी; स्टेरॉइड मात्र जेवणाबरोबर; तळलेलं, चरबीचं बंद; पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त; आणि डोस आपण पायरीपायरीने उतरवू, तसं लिव्हरही बहुधा जागेवर येईल. मनाने काही द्यायचं नाही आणि मनाने काही बंद करायचं नाही. मी वहीत लिहून घेतलं. शेवटच्या वाक्याखाली लाल पेनाने दोन रेघा मारल्या. सवयच आहे ती — दुसऱ्याच्या वाक्याखाली रेघा मारायच्या.

काविळीची माळ माहितीय ना तुम्हाला? काड्यांची असते, दोऱ्यात गाठी मारून गुंफलेली. डोक्यातून घालायची, रोज थोडी लांबत जाते, लांबत लांबत पोटाखाली गेली की कावीळ उतरली. तीस वर्षांपूर्वी मी त्यावर चार भागांची मालिका लिहिली होती. अकलोलीच्या बाळारामची माळ घेतली आणि घातली कोणाच्या गळ्यात? ऑफिसातल्या पंख्याच्या दांड्याला! पाच दिवसांत माळ हातभर लांब. काड्या सुकतात, बारीक होतात, गाठी सैल पडतात, एवढंच. मी मथळा दिला होता — ‘पंख्याची कावीळ उतरली’. सगळा जिल्हा हसला. कॉलेजात भाषणाला बोलवायचे मला त्यानंतर, वैज्ञानिक दृष्टिकोन म्हणून.

आणि गेल्या रविवारी मी बाळारामच्या ओटीवर बसलो होतो.

हसा, हसा. मीच हसतोय. कमळा गेली होती कल्याणला, भाविकाकडे, मुलीकडे. ती असती तर मला उंबरा ओलांडू दिला नसता — सातवी शिकलेली बाई आहे, पण वाचलेलं पाळते. मी एकटा घरात, गोदा एकटी, आणि तो नऊशेचा आकडा. लिव्हर म्हणजे कावीळ, हे डोक्यात कुठे बसलंय कोण जाणे. लहानपणी माझ्याच गळ्यात आईने घातली होती, म्हणून असेल. तर बाळाराम. पिकलाय आता. मला वाटलं हाकलेल. कसचं काय! भिंतीवर काचेत मढवून कोण? मी! माझीच बातमी, फोटोसकट. म्हणाला, ‘या साहेब, तुमी पत्ता छापला व्हता ना, तवापासून मुंबयची लोका येतात.’ म्हटलं, अरे, त्यात मी तुला भोंदू लिहिलंय. तर म्हणतो, ‘ता कोन वाचतंय?’ कुत्र्यासाठी हवी म्हटल्यावर मात्र थबकला. मग म्हणाला, ‘जनावराला घातली न्हाय कदी. पन तुमी पंख्याला घातली, तं कुतरीला काय हाय!’ एकतीस वर्षांत असं उत्तर मला एका मंत्र्याने दिलं नव्हतं. आणि पथ्य सांगितलं — ‘माल गल्यात हाय तवर इंग्रजी गोली न्हाय.’ नाहीतर माळ रुसते.

मी वाद घातला नाही. मी! वाद घातला नाही. उठलो, माळ रुमालात बांधली, आलो.

सोमवारी छातीपर्यंत आली. मंगळवारी पुढच्या पायाच्या कोपराखाली. मला ठाऊक होतं हो का लांबते, मीच छापलंय का लांबते, तरी सकाळी उठून आधी काय बघायचो, तर माळ. फुटपट्टी लावली, मोबाइलवर फोटो काढले. गोदा जेवत नव्हती, म्हटलं पथ्य लागू पडतंय. निजून असायची, म्हटलं आराम पडलाय. काल संध्याकाळी पाणी प्यायला उठली आणि पडली. माळ पुढच्या पायात आली होती, म्हटलं अडखळली. माळ काढली. तरी उठली नाही. ओठ वर करून बघितला — पुन्हा तसाच, पांढरा. इथे फोन लावला, मॅडम म्हणाल्या, आत्ता कल्याणच्या मोठ्या दवाखान्यात न्या. कल्याणला कमळा आहे. मी म्हटलं, गाडी मिळत नाही.

गाडी दारात होती.

आता? आता मॅडम म्हणतात, एवढ्या स्टेरॉइडवरही रक्त असं घटतंय म्हणजे हे औषध तिला चालत नाही, दुसरं जबर सुरू करावं लागेल. ते लिव्हरला आणखी जड आहे, पण इलाज नाही, म्हणतात. आकड्यांकडे बघून कपाळाला हात लावला त्यांनी. हो, विचारलं ना. शेवटची गोळी कधी दिली, हेच पहिलं विचारलं. सांगितलं मी. काय सांगितलं म्हणजे? सांगितलं. असं बघू नका हो माझ्याकडे, मी लोकांकडे असंच बघायचो — अभियंत्यांकडे, तलाठ्यांकडे — माणूस घामाघूम झाला पाहिजे, आणि व्हायचा. जाणार आहे मी आत. दार ढकललं की झालं, चार पावलं. त्या बाहेर आल्या की सांगेन, मध्येच हातातलं काम कसं — ताई, उठलात कुठे? आत नाही जायचं. ताई! तुम्ही तुमचं मांजर बघा!

अकरा वाजून चाळीस मिनिटं. आतल्या टेबलावर गोदाचा कागद आहे. त्यावर ‘शेवटची गोळी’ या शब्दांपुढे ‘आज सकाळी सात’ असं लिहिलेलं आहे. खाली केसरीनाथ भोईर यांची सही आहे. रविवारी सकाळनंतर गोदाला एकही गोळी दिली गेलेली नाही.